ठोकळा बदला, रूळ नको: बागेतल्या ट्रॉलीसाठी लाकूड-लोखंडाचे स्लीपर

कलमं वर कातळावर आणि टेम्पो खाली रस्त्यावर, ही आपल्याकडच्या कितीतरी बागांची गोष्ट. मधला उतार क्रेट डोक्यावर घेऊन उतरायचा. गडीमाणसं मिळेनाशी झाली तसं हलके रूळ टाकून विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, ट्रॉली सोडावी असं काहीजणांच्या मनात येतं. मी रेल्वेत चाबीवाला होतो हे कळलं की ते माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, रूळ कुठे मिळतील?" रूळ मिळतात हो. विचारायला हवं ते हे, की रुळाखाली काय घालणार आणि ते कुजलं की बदलणार कसं.

हा लेख तेवढ्यापुरताच, म्हणजे रुळांखाली आडवा घालायच्या आधारापुरता, स्लीपरपुरता आहे. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मि.मी., दोन फूट. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचंही हेच गेज. भरलेली ट्रॉली ६०० किलोच्या आत. आणि ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही, रिकामी असली तरी नाही, पोरं हट्ट करत असली तरी नाही. विंचचा दोर तुटला तर क्रेट फुटतात, तेवढंच नुकसान मला मान्य आहे.

स्लीपर करतो काय

तीन कामं. दोन रुळांमधलं अंतर धरून ठेवायचं, चाकाखालचं वजन खडीवर पसरवायचं आणि धक्का खायचा. जुन्या लाकडी स्लीपरमध्ये ही तिन्ही कामं एकच लाकूड करायचं. मोठ्या गेजचा तो स्लीपर २७५० मि.मी. लांब, २५० रुंद, १३० जाड. साल, साग, देवदार अशा लाकडाचा, वजनाला पाऊणशे किलोच्या आसपास. खिळ्याचं भोक सैल झालं की त्यात लाकडी खुंटी ठोकायची आणि खिळा नव्यानं मारायचा. दुरुस्ती सोपी, पण तीन-चार वेळा झाली की भोकाभोवतीचं लाकूड पिठासारखं व्हायचं आणि उरलेला चांगला स्लीपरही भंगारात जायचा.

सिमेंटचा स्लीपर कुजत नाही, वाळवी त्याला शिवत नाही. कोकण रेल्वेवर तेच आहेत आणि तिथे तेच हवेत. पण एकेक अडीचशे किलोच्या वरचा. बागेत तो उचलणार कोण? आणि तडकला तर त्याची दुरुस्ती नाही, बदलीच.

मी नोकरीला लागलो तेव्हा घाटावरच्या एका जुन्या फाट्यावर अजून बिडाचे स्लीपर होते. सी.एस.टी.-९ म्हणायचे त्यांना. प्रत्येक रुळाखाली बिडाची पालथी बैठक आणि दोन बैठकांना जोडणारी एक लोखंडी पट्टी. बैठक रुळाला चाबीनं जखडलेली. रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं आणि सैल चाबी दिसली की हातोडा. मला चाबीवाला म्हणतात तो त्या चाबीमुळे. ते स्लीपर आवाज करायचे, ठोके खायचे, पण त्यांच्यातली एक अक्कल माझ्या डोक्यात राहिली: गेज धरणारी वस्तू वेगळी आणि खडीवर बसणारी वस्तू वेगळी.

माझी चूक आधी ऐका

पहिली लाइन मी मावसभावाच्या बागेत टाकली. जुन्या वळणाप्रमाणे सलग लाकडी स्लीपर केले, चांगल्या ऐनाचे, आणि रूळ थेट कोच स्क्रूनं लाकडात आवळले. दिसायला झकास. तीन पावसाळे गेले. चौथ्या हंगामात, एप्रिलच्या ऐन धामधुमीत, ट्रॉली वळणावर रुळांच्या मध्ये उतरली आणि हापूसचे क्रेट खालच्या गडग्यावर जाऊन आदळले. गेज पट्टी लावून बघितलं तर तिथे अंतर वीस मिलिमीटरनं वाढलेलं.

एक स्क्रू पान्यानं फिरवला तर तो हातात आला, पान्याला जोरच लागला नाही. लाकडातला भाग झिजून पेन्सिलीएवढा झाला होता. भोकात बोट घातलं तर आतलं लाकूड काळंकुट्ट आणि ओल्या काथ्यासारखं. स्लीपरच्या बाकी भागावर मात्र वाकस मारला तर टणटण वाजत होता. म्हणजे ऐन मेला नव्हता. ओल्या लाकडातल्या लोखंडानं त्याला फक्त स्क्रूभोवती मारलं होतं आणि लाकडानं स्क्रूला मारलं होतं. ऐन, खैर, साग अशा लाकडांतला रस लोखंडाला लागला की काळा डाग पडतो हे सुताराच्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. मला ते तेव्हा सुचलं नाही एवढंच.

त्यानंतर मी ठरवलं की गेज लोखंडानं धरायचं आणि धक्का लाकडानं खायचा. जो भाग आधी मरणार, तो एका माणसाला एका पान्यानं, रूळ न हलवता बदलता आला पाहिजे. खाली दिलेला नमुना त्यातून आला.

नमुना

एका स्लीपरला दोन लाकडी ठोकळे, प्रत्येक रुळाखाली एक. ठोकळा ४०० मि.मी. लांब, १८० रुंद, १०० जाड. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनं, आणि ठोकळ्याची लांबी रुळाला आडवी. दोन्ही ठोकळ्यांवरून एकच सपाट लोखंडी पट्टी जाते, ७५ बाय ८ मि.मी.ची, सुमारे एक मीटर लांब. रूळ लाकडावर बसत नाही, पट्टीवर बसतो. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. सिमेंटच्या स्लीपरवरही रुळाखाली रबराची खोबणीदार गादी असते, तिचा हा गरीब भाऊ.

रुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लिप आणि एकेक १६ मि.मी.चा बोल्ट. बोल्ट खालून वर येतो: ठोकळ्याखाली एक पायपट्टी, त्या पायपट्टीला दोन्ही बोल्टांची डोकी वेल्ड केलेली. बोल्ट लाकडातून, रबरातून, पट्टीतून आणि क्लिपेतून वर येतात आणि नट वरच्या बाजूला लागतो. डोकं वेल्ड असल्यामुळे नट सोडताना बोल्ट गरगर फिरत बसत नाही. आणि आटे वर असल्यामुळे ग्रीस लावता येतं, नट अडकलाच तर करवतीनं कापता येतो. उलट करून बघितलंय मी, नट खाली आणि डोकं वर. दुसऱ्या वर्षी सोडायला गेलो तर गंजून बसलेला एकही नट सुटेना.

बोल्ट १६० मि.मी. लांब घ्या. हिशेब असा: पायपट्टी ६, लाकूड १००, रबर ६, पट्टी ८, क्लिप १०, वर वॉशर आणि नट, शिवाय रबर दबलं की आवळायला थोडी जागा. साधे माइल्ड स्टीलचेच बोल्ट घ्या. जास्त ताकदीच्या बोल्टाला वेल्डिंग मारलं की तो तिथेच ठिसूळ होतो.

क्लिप म्हणजे १० मि.मी. जाडीच्या पट्टीचा तुकडा. पुढचं टोक रुळाच्या पायावर दाबतं. मागच्या टोकाखाली रुळाच्या पायाच्या कडेइतक्या जाडीचा तुकडा वेल्ड करायचा आणि त्या तुकड्याची पुढची कड रुळाच्या पायाला भिडलेली ठेवायची. रूळ बाहेर सरकू पाहतो तेव्हा हीच कड त्याला अडवते, बोल्टाच्या नुसत्या दाबावर भरवसा ठेवायचा नाही.

वजनाचा हिशेब लोक उगाच घाबरून विचारतात. ६०० किलोला चार चाकं, म्हणजे चाकाला १५०. धक्क्यासाठी दुप्पट धरा, ३०० किलो. ठोकळ्याचा तळ ७२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे खडीवर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही येत नाही. पट्टीखालच्या लाकडावर सहा-सात किलो, ऐनाला किंवा किंजळाला ते काहीच नाही. मग १०० मि.मी. जाडी कशाला? बोल्टाला नीट धरायला, आणि वरखाली थोडं कुजलं तरी मध्ये लाकूड उरायला. आपल्याकडे स्लीपर वजनानं मरत नाही, पाण्यानं मरतो.

अख्खा स्लीपर वीस किलोच्या आसपास होतो. एक माणूस उचलतो.

लाकूड कुठलं

माझी पसंती ऐन, मग किंजळ. दोन्ही आपल्या घरांच्या वाशा-तुळयांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली. सागाचे बाहेरगावचे कापलेले तुकडे स्वस्त मिळाले तर उत्तम, नाहीतर त्या भावात परवडत नाही. खैर टिकाऊ, पण भोकं पाडताना ड्रिलची आणि आपली परीक्षा बघतो. फणसाचा पिवळा गाभा चालतो. आंबा, सावर घेऊ नका, पहिल्याच पावसात ते भाकरीसारखे मऊ होतात. माडाचं बाहेरचं लाकूड हाताला दगडासारखं लागतं म्हणून लोक फसतात. छपराला ठीक आहे, मातीशी संबंध आला की कुजतं.

कुठलंही लाकूड घ्या, पण गाभ्याचं. कडेचं पांढरं लाकूड वाळवीचं खाणं आहे. गिरणीवर उभे राहा आणि पांढरं असलेले ठोकळे बाजूला काढायला लावा. गिरणीवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

झाड स्वतःच्या बागेतलं असलं तरी तोडायच्या आधी वन खात्याकडे जाऊन या. १९६४ पासून राज्यात झाडं तोडण्याबाबत कायदा आहे आणि ऐन-किंजळ-फणस-खैर अशांना परवानगी लागते. लाकूड गाडीतून न्यायचं तर वाहतुकीचा पासही. तसंच जुन्या रेल्वे स्लीपरचं आणि रुळांचं. लिलावातून रीतसर आलेला माल आणि त्याची पावती असेल तरच घ्या. "रात्री आणून टाकतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रेल्वेची वस्तू विनाहिशेब घरात सापडली तर १९६६ च्या कायद्याखाली ती तुमच्याकडे कशी आली हे तुम्हाला सांगावं लागतं.

शंभर मीटर लाइनीला, ६५० मि.मी. अंतरानं, सुमारे १५५ स्लीपर म्हणजे ३१० ठोकळे. लाकूड ऐंशी घनफूट भरतं. पांढरं आणि फुटकं वजा जाणार म्हणून शंभर धरा.

वाळवणं आणि औषध

इथे घाई करणारा पुढे रडतो. ठोकळे कापून झाले की त्याच दिवशी दोन्ही टोकांना घट्ट ऑइलपेंट किंवा मेण लावा. टोकातून पाणी फार भराभर जातं आणि मग टोकं उन्हात फाटतात. नंतर सावलीत, वारा लागेल अशा पडवीत, मध्ये पट्ट्या घालून थर रचा. दिवाळीच्या सुमारास रचलेला ढीग मे महिन्यापर्यंत ठेवायचा. वाळलं की नाही हे बोटानं कळत नाही. दोन ठोकळ्यांवर खूण करा आणि दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. तीन आठवडे वजन हललं नाही की वाळलं.

माझा सुतार, सगळे त्याला अण्णाच म्हणतात, एकदा ढिगातला ठोकळा नुसता उचलून म्हणाला, "ह्यां लाकूड अजून ओलां आसा, बाबा." मी काट्यावर घातलं. पुढच्या महिन्याभरात त्यातून आणखी पाऊण किलो पाणी गेलं. अण्णाचा हात काट्यापेक्षा बरा, पण अण्णा सगळीकडे नसतो.

भोकं पाडायची ती वाळल्यावर आणि औषधाच्या आधी. औषध म्हणजे तांब्याचं क्षार असलेलं लाकूड-रक्षक. जवळपास कुठे दाबाखाली औषध भरणारा प्लँट असेल तर ठोकळे तिथे पाठवा, त्याच्या तोडीचं घरी होत नाही. घरी करायचं तर पुरवठादाराला गरम-गार पद्धतीत चालणारं औषध मागा: औषधात ठोकळे बुडवून काही तास सोसेल तेवढं गरम ठेवायचं आणि त्यातच गार होऊ द्यायचं. गरम होताना लाकडातली हवा फुगून बाहेर पडते, गार होताना तिच्या जागी औषध आत ओढलं जातं. नुसतं ब्रशनं फासलेलं औषध कातडीच्या आत जात नाही. गाभ्यात औषध तसंही कमीच शिरतं, म्हणूनच गाभाच टिकाऊ निवडायचा. हातमोजे घाला, विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब करा. उरलेले तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालू नका, तो धूर विषारी असतो. क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबराचं तेल, लावलेल्या जुन्या स्लीपरचंही तसंच.

गॅरेजचं जळकं ऑइल फासायची आपल्याकडे फार हौस. वरवर काळं दिसतं, आत जात नाही आणि पावसात धुऊन विहिरीत उतरतं. बोरॅक्स वाळवीला चांगला, पण उघड्यावर पाऊस तो धुऊन नेतो, घरातल्या लाकडाला ठेवा. आणि ओल्या लाकडावर डांबर चोपडणं म्हणजे ओलं धोतर पेटीत घालून कुलूप लावणं. आतलं पाणी आतच राहतं आणि गाभा कुजतो. डांबर लावायचं तर वाळलेल्या, औषध दिलेल्या ठोकळ्याच्या टोकांना आणि भोकांच्या आत.

भोकं, आणि फर्मा

बोल्टाच्या दोन भोकांची जागा हा या नमुन्यातला नाजूक भाग आहे, म्हणून थांबून सांगतो. रुळाच्या आतला बोल्ट आणि बाहेरचा बोल्ट लाकडाच्या एकाच रेषेवर आले तर ठोकळा त्या रेषेतून फाटतो, जशी कुऱ्हाडीनं ढलपी निघते तशी. म्हणून दोन भोकं एकमेकांपासून २५ मि.मी. तिरकी ठेवायची: एक पट्टीच्या मध्यरेषेच्या साडेबारा अलीकडे, दुसरं साडेबारा पलीकडे. ७५ च्या पट्टीत १८ चं भोक असं सरकवलं तरी कडेला सोळा मि.मी. लोखंड उरतं. ५० ची पट्टी स्वस्त पडते म्हणून घेतली तर हे जमत नाही.

सगळी भोकं एकाच फर्म्यातून पाडायची. फर्मा म्हणजे १० मि.मी. जाड पट्टीचा, नीट मोजून भोकं पाडलेला एक तुकडा. तो पट्टीवर ठेवून पट्टीची भोकं, त्याचं निम्मं ठोकळ्यावर ठेवून ठोकळ्याची, त्याच निम्म्यावरून पायपट्टीची. कुठलाही ठोकळा कुठल्याही पट्टीला बसला पाहिजे. एकाच गड्यानं टेप लावून एकेक स्लीपर हातानं जुळवला तर लाइन त्या दिवशी सुरेख होते आणि पाच वर्षांनी एकही सुटा ठोकळा कुठे बसत नाही. फर्म्याला रंग मारून घरातल्या खुंटीवर टांगा. तो हरवला की दुरुस्तीची सोय हरवली.

वळणासाठी वेगळी पट्टी लागते. मी ६ मि.मी. गेज वाढवून घेतो आणि तिच्या टोकाला लाल रंग देतो.

लोखंड

कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं आधी, गरम जस्ताचा मुलामा शेवटी. उलट केलंत तर प्रत्येक भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथूनच चालू होतो. ६ मि.मी. किंवा जास्त जाडीच्या लोखंडावर गरम बुडवून दिलेला जस्ताचा थर साधारण ८५ मायक्रॉनचा बसतो. हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत मिळतात त्या नट-बोल्टांवर तो जेमतेम पाच-दहा मायक्रॉन असतो. समुद्रापासून दोन किलोमीटरवरच्या बागेत ते पहिल्या गणपतीपर्यंतच तांबडे होतात.

मुलाम्याला माल शहराकडे पाठवावा लागतो, म्हणून एकदम पाठवा. आट्यांवर जस्त साचतं. ते साफ करून द्यायला सांगा आणि नट त्याच कारखान्याकडून, मुलाम्याच्या बोल्टासाठी आटे मोठे केलेले असे घ्या. साधे नट बसत नाहीत, मग लोक आटे घासून जस्तच काढून टाकतात. औषधात तांबं असल्यामुळे उघड्या लोखंडाला ते आणखी लवकर खातं, म्हणून या बाबतीत काटकसर नको. पाइप किंवा चौकोनी पोकळ नळी पट्टीऐवजी वापरू नका. तिच्या पोटात पाणी शिरतं आणि बाहेरून रंग शाबूत असताना ती आतून संपते. तसंच लाकूड चॅनेलच्या खोबणीत बसवायचा मोह टाळा. ती खोबण म्हणजे पाण्याची पन्हळ. लोखंड लाकडाच्या डोक्यावर असावं, कुशीत नाही.

बसवणं

कातळ कठीण आहे म्हणून खडीशिवाय बसवू, असं म्हणणारे भेटतात. कातळावरही काळ्या दगडाची खडी हवी, निदान चार इंच. मातीवर सहा. २० ते ४० मि.मी.ची, गिरणीची, कोपरे असलेली. जांभ्याचे तुकडे फुकट पडलेले असतात, ते घालू नका. दाबाखाली त्यांचा भुगा होतो, पावसात तांबडा चिखल, आणि चिखलात ठोकळा पोहायला लागतो. खडी ठोकळ्याच्या माथ्यापासून एक इंच खालीच थांबवा. ठोकळा पुरायचा नाही.

जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात पाणी वरूनच वाहतं, ते लाइनीला आडवं येणार. जिथे जिथे ते येतं तिथे खडीखाली छोटी मोरी, आणि वरच्या अंगाला पाट. हे जुलैत छत्री घेऊन बघून ठेवा. मे महिन्यात बघून पाण्याची वाट कळत नाही.

ठोकळ्याचा गाभ्याकडचा भाग खाली. टोकावरच्या वलयांवरून कळतं. स्लीपर ६५० वर, पण दोन रुळांचा सांधा येतो तिथे त्याच्या दोन्ही अंगांचे स्लीपर जवळ घ्या, ४०० वर. सांध्यात फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, आणि सहा मीटरच्या रुळाला दोन-तीन मि.मी. फट, उन्हानं रूळ वाढतो त्यासाठी. पातळीला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. गेजला अँगलची पट्टी करून घ्या. मी सरळ लाइनीत ३ मि.मी. कमी आणि ६ मि.मी. जास्त एवढंच चालवून घेतो.

उतारावर रूळ हळूहळू खाली सरकतात. दर ब्रेकला केसभर, दिसत नाही. दर पाचव्या स्लीपरपाशी रुळाच्या पोटात, म्हणजे मधल्या उभ्या भागात, भोक पाडून एक अँगलचा तुकडा बोल्टानं लावा, तो पट्टीच्या चढाकडच्या कडेला टेकला पाहिजे. खालच्या टोकाला काँक्रीटची ठोकर. लाइन खाडीत उतरवायची असेल तर भरतीच्या पाण्यात जाणाऱ्या भागाला हा नमुना वापरू नका. तिथे लाकूड पोखरणारे समुद्री किडे असतात, ते ऐनालाही सोडत नाहीत.

ठोकळा बदलताना

वर्षातून दोन फेऱ्या, मृगाआधी एक आणि दसऱ्यानंतर एक. हातोडीच्या मागच्या टोकानं प्रत्येक ठोकळ्यावर टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला की पुढे. भदभद वाजला की स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. अर्धा इंच सहज शिरला तर खडूनं फुली. नट सैल असेल तर आवळा, आणि दसऱ्याच्या फेरीत प्रत्येक नटाला ग्रीस.

फुलीच्या ठोकळ्याचे दोन नट सोडा, क्लिपा काढा. शेजारच्या दोन स्लीपरना हात लावायचा नाही, ते रूळ धरून आहेत. एकावेळी एकच ठोकळा, दोन शेजारचे कधीही एकदम नाही. बाहेरच्या बाजूची खडी उकरा आणि ठोकळ्याखालचीही चांगली दोन-अडीच इंच. ठोकळा बोल्टांसकट खाली बसतो, बोल्ट पट्टीतून सुटतात, मग पहारीनं तो बाहेर ओढायचा. पायपट्टी ठोकून काढा. बोल्ट धड असतील तर तीच नव्या ठोकळ्याला. नवा ठोकळा रबरासकट आत सरकवा, पहारीनं वर उचलून बोल्ट भोकांत घ्या, क्लिपा, नट, आणि मग खडी. खडी नुसती लोटायची नाही, पहारीच्या चपट्या टोकानं ठोकळ्याखाली कोंबायची, रुळाच्या दोन्ही अंगांनी, ठोकळा हलेनासा होईपर्यंत. सरावलेल्या माणसाला अर्धा तास लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला दीड. पहिली भरलेली ट्रॉली गेल्यावर नट पुन्हा आवळा, रबर बसलेलं असतं.

सुटे ठोकळे पंधरा-वीस तरी, औषध दिलेले, माळ्यावर ठेवा. जमिनीवर ठेवलेत तर लाइनीतल्यांच्या आधी तेच खराब होतील.

एक छोटी सवय लावून घ्या. ठोकळ्याच्या बाहेरच्या टोकावर छिन्नीनं साल आणि लाकडाचं पहिलं अक्षर कोरायचं: ऐ, किं, फ. बदललेला ठोकळा टाकण्याआधी ते वाचायचं आणि तो कुठून निघाला हे वहीत लिहायचं. माझ्या वहीत आतापर्यंत निघालेले बहुतेक ठोकळे सांध्याच्या अंगचे आहेत, आणि त्यांतले जास्त किंजळाचे. सांध्याखाली आता मी फक्त ऐन घालतो आणि त्या ठोकळ्यांची जाडी १२० करतो. १२० साठी बोल्टही १८० चे मागवावे लागतात, हे मी एकदा विसरलो होतो.